दुसरं लिंबू

तुम्ही हसा लेकहो, पन तवा माही बोबडी वळली होती. मारेगावात आमचं पहिलंच घर घ्याचं होतं अन् दलाल भाव सोडत नव्हता. म्हनून सौद्याच्या आदल्या दिवशी, बायकोले सांगून, मी मागच्या खिडकीतून कुंकू लावलेलं, टाचन्या टोचलेलं एक लिंबू आत फेकून आलो.

सकाळी बायको अंगनात तुळशीची जागा पाहून राह्यली होती. मी मागची खोली उघडली, तं तिथं दोन लिंबं. एक माहं, दुसरं वाळून काळं पडलेलं.

दलाल उंबऱ्याबाहेरच थांबला.

"काहून भाऊ, आत या ना."

"नाई काका, या खोलीत मी येत नाई. भाव अर्धा करतो, पन इसार आजच द्या."

बायको अंगनातूनच बोलली, "द्या ना, पाह्यता काय?"

तवापासून त्याच घरात राहून राह्यलो. माहं लिंबू एकच होतं, हे तिले अजून सांगतलं नाई.