नव्या प्रोसेसरची पूजा

राइट टाउनच्या कॉम्प्युटर दुकानात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. पायाशी बंद पडलेला कॉम्प्युटर.

"खराब प्रोसेसर दिला या दुकानदारानं, विनता. आज सोडत नाही याला!"

"अहो, ओरडू नका ना."

"काहून नको? नवा बसवताना मी प्लग काढला. अंगातला करंट चिपला लागू नये म्हणून आधी लोखंडाला हात लावला. चिपच्या खालच्या बाजूला बोटही लागू दिलं नाही!"

"तुम्ही स्क्रूसाठी पेचकस शोधून राहिले होते ना, तेव्हा मी कुंकू लावलं."

"कशाला? डब्याला?"

"चिपला. खालच्या सोनेरी बाजूला."

"काय?"

"तुम्ही रागवाल म्हणून पुसलं ना मग. पदरानं."

"सिल्कच्या? सिल्क घासलं की करंटच बनतो! अरे देवा!"

"फॅक्टरीत नव्या मशीनची पूजा तुम्हीच करत होते ना जी?"

"ती मशीन हत्तीएवढी होती, विनता! चलो, घरी. जुना प्रोसेसर चांगला होता, तोच बसवतो. कुठं ठेवला?"

"इतकी वर्षं राबला बिचारा. कचऱ्यात कसा टाकू?"

"हो, पण ठेवला कुठं?"

"सकाळी ग्वारीघाटला गेली होती ना मी. निर्माल्यासोबत सोडला नर्मदाजीत. हात जोडून."