नवा ड्रेस जुना करताना

नाही, मला एवढंच सांगा, वर्षभर घरात नवीन कपडा आणायचा नाही असं ठरवायचं, तर त्याला हेच वर्ष सापडावं? मागे इतकी वर्षं गेली, पुढेही येतील... पण नाही. ज्या वर्षी मी मनाशी म्हटलं की यंदा स्वतःसाठी एक ड्रेस घ्यायचा, कोरा, माझ्याआधी कुणाच्या अंगाला न लागलेला, नेमकी त्याच वर्षी आमच्या लेकीला पृथ्वीची काळजी लागली. आणि तिचं चुकतं असं नाही हं, हाच तर सगळा वैताग आहे.

तुम्हाला सांगते, रविवारी सकाळी तिने घरातली सगळी कपाटं पलंगावर उपडी केली. म्हणे आपल्याला नैतिक कपाट करायचंय. आमच्या शाळेत नैतिक कपडा म्हणजे गुडघ्याच्या खाली जाणारा, तेवढंच मला ठाऊक. मग ती समजावायला बसली. मी दातांच्या डॉक्टरांकडे खिडकीत बसते, नंबर लावून देते, तर आमचे डॉक्टर लहान मुलांना ‘मुळीच दुखणार नाही हं’ म्हणताना जो आवाज काढतात ना, अगदी तो आवाज. एका शर्टामागे किती पाणी जातं ठाऊक आहे का आई... अगं, धुते कोण? मला नसेल ठाऊक? मग कारखान्यात शिवणाऱ्या बायांचं सांगितलं, दिवसभर मान वर न करता शिवतात, हातात काही पडत नाही, आपण मात्र दोनदा घालून टाकून देतो. तिचं चुकतं असं नाही हं. पण मी कधी टाकलं? मला दोनदा घालायला नवं मिळालं कधी?

कारण माझा ढीग काय होता, सांगू? हा ताईचा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तोही ताईचा. हा मोठ्या जाऊबाई जाड झाल्या तेव्हाचा, हा शर्ट लेकीनेच कॉलेजात असताना नाकारलेला, हा स्वेटर ह्यांचा, कोपरं गेल्यावर माझ्याकडे आलेला. लहानपणापासून असंच. ताईने घातलं, ताईला आखूड झालं, की मला. आणि चार माणसांत ताई मला हाताने गरकन फिरवून सगळ्यांना सांगणार, हा माझा बरं का, कसा ठेवलाय बघा हिने. मी फिरायची. अजून फिरते.

तो ढीग बघून लेक माझ्या गळ्यातच पडली. म्हणाली, आई, आम्ही आत्ता शिकतोय ते तू आयुष्यभर करत आलीस. फोटो काढला, तिच्या मैत्रिणींना पाठवला, भराभर बदाम आले. घरातल्या घरात माझा सत्कार. आणि लगेच नियम झाला, वर्षभर नवीन काही नाही. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, मला चालेल. चालणारच! ह्यांचे शर्ट गेली कित्येक वर्षं दुकानातून कोरे मीच आणते, ऑफिसात चार लोकांत बसायचं असतं ना ह्यांना. मी खिडकीत बसते, मला कंबरेपर्यंतच बघतात लोक.

पण ताई रिटायर होणार होती, तिच्याकडे जेवण होतं, सगळे नातेवाईक येणार होते. आणि मला एकदाच, फक्त एकदाच, ताईसमोर अशा कपड्यात उभं राहायचं होतं जो तिचा नाही. एवढीच हौस. फार आहे का हो?

तेव्हा मी दवाखान्यातून परस्पर दुकानात गेले. गर्द हिरवा ड्रेस, कॉलरचा, दोन्ही बाजूंना खिसे. दुकानातल्या मुलीने माझ्या मापाचा दिला, तर घातल्यावर कुणीतरी दंडाला धरून ठेवल्यासारखं झालं मला. मापाचा कपडा कसा लागतो अंगाला, मला कुठे सवय? म्हणून एक माप मोठा घेतला. मग बरं वाटलं. ओळखीचं वाटलं.

आता घरात आणायचा कसा? तर जुना करून. लेक कामावर गेली, की मी न्हाणीघरात. आधी लेबल उसवलं. मग कढत पाण्यात सोडा घालून भिजवला, कॉलर ब्रशने घासली, एक बटण काढून डब्यातलं दुसरंच लावलं. तुम्हाला सांगते, कपडा अंगावर जुना होतो तेव्हा कळतसुद्धा नाही, पण मुद्दाम करायला घ्या, होतच नाही मेला. परत भिजवला. परत घासला. हे दारात येऊन बघून गेले, विचारलं की डाग पडलाय का, मी म्हटलं नाही, तोच पाडतेय. तर बरं म्हणाले आणि गेले.

चौथ्या धुण्याला जरा विटला. दोरीवर होता आणि लेक लवकर घरी आली. हात लावून म्हणाली, “हा छान आहे गं, हा कुणाचा?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मावशीचा.”

काय करू? आयुष्यभर ह्या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे. जिभेला दुसरं येतच नाही.

गेलो जेवायला. मी खिशात हात घालून उभी, मान अशी वर, एका क्षणापुरती. तेवढ्यात लेक कौतुकाने म्हणते, “मावशी, ओळखलास का? तुझाच ड्रेस.” ताईने चष्मा लावला. बाही चाचपली, कॉलर उलटून पाहिली, बटण पाहिलं. मी म्हटलं, आता म्हणेल की हा माझा नाही, आता म्हणेल...

“अगं हो की,” म्हणाली. “किती शोधला मी हा. तरी म्हटलं गेला कुठे.”

मग मला फिरवलं. मी फिरले. खांद्यात तुला पहिल्यापासून ढगळच होता म्हणाली, मला आता पुन्हा बसेल, दे बाई परत. माझ्या तोंडाशी आलं होतं हो सगळं. पण शेजारी लेक उभी, डोळ्यांत पाणी तिच्या, सगळ्यांना सांगतेय की बघा, एक कपडा दोन बहिणींनी मिळून केवढा टिकवला, असं सगळ्यांनी केलं तर जग बदलेल. आणि तिचं चुकतं असं नाही हं...

परवा धुऊन, इस्त्री करून दिला नेऊन. ताईने मला रिकाम्या हाताने नाही पाठवलं मात्र. तिचा एक जुना दिला. बसतो मला.