कुसानोसाठी ढोल वाजला नाही

फुसाए : पोटात दुखत होतं म्हणता, आणि डबा तर चाटूनपुसून रिकामा आणलात.

तोकुझो : डबा आधी खाल्ला. दुखायला नंतर लागलं.

फुसाए : मग तो दाखला कुठाय? लायसन्सच्या नूतनीकरणाला लागतो तो?

तोकुझो : दिला नाही त्यांनी. भाषण ऐकलं, डोळे तपासून झाले. गाडीत बसायचा माझा नंबर आला आणि मी निघून आलो.

फुसाए : अहो, बावन्न वर्षं गाडी चालवताय तुम्ही. कारखान्याच्या रंगाची पिंपं भरलेला ट्रक घेऊन डोंगरापलीकडे जायचात. सत्तरी ओलांडलेल्यांना ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात दोन चकरा मारायला लावतात, त्याला घाबरलात?

तोकुझो : गाडीला नाही घाबरलो.

फुसाए : मग कशाला?

तोकुझो : सूप वाढ जरा.

फुसाए : वाढते. पण दहा तारखेला मुदत संपतेय, हे डोक्यात असू द्या. टेकडीवरची बस बंद होऊन दोन वर्षं झाली. माझ्या गुडघ्याचं इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी असतं. मी काय उडत जाऊ दवाखान्यात?

तोकुझो : माहितेय मला.

फुसाए : आणि रेडिओ का बंद केलात? बेसबॉलचा सामना सुरू झाला असेल एव्हाना.

तोकुझो : राहू दे आज.

फुसाए : राहू दे? इकडे या, कपाळ बघू. माझ्या सख्ख्या बहिणीच्या अंत्यविधीत कानात तार खुपसून बसला होतात तुम्ही. भटजी मंत्र म्हणतायत आणि हे तिसऱ्या डावाला मान हलवतायत. आणि आज राहू दे?

तोकुझो : त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला कुसानो आहे.

फुसाए : कोण कुसानो?

तोकुझो : आपल्या संघातला. सहा नंबरचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा तो.

फुसाए : ज्याच्या पायांमधून चेंडू गेला, तो?

तोकुझो : तोच. आधी ओळखलं नाही मी. केस पिकलेत, चष्मा लागलाय. हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन एकेकाला हाक मारत होता. छातीवर नावाची पट्टी होती. तरी म्हटलं, या नावाची माणसं काय थोडी आहेत का. मग कुणाचं तरी पेन खाली पडलं, घरंगळत त्याच्याकडे गेलं, आणि तो वाकला. दोन्ही गुडघे टेकून, हात पसरून वाकला. पेन उचलायला कुणी असं, चेंडू अडवायला वाकल्यासारखं, वाकतं का? तेव्हा कळलं.

फुसाए : त्यानं ओळखलं तुम्हाला?

तोकुझो : कसं ओळखेल? आम्ही ढोल-कर्णेवाले चाहते तिकडे लांब, मैदानाच्या पार टोकाच्या स्टँडात. सगळे सारख्याच निळ्या अंगरख्यात, डोक्याला फडकं. त्याला नुसता माझा ढोल ऐकू येत असेल.

फुसाए : मग झालं तर. त्याला ठाऊक नाही, तुम्ही कोण ते. मुकाट दोन चकरा मारायच्या आणि दाखला घेऊन घरी यायचं. त्यात पळून येण्यासारखं काय होतं?

तोकुझो : तुला तो सामना आठवतो?

फुसाए : न आठवायला काय झालं? सत्तावीस वर्षं तुम्ही दर शरद ऋतूत तो पुन्हा खेळता. मोसमाचा शेवटचा दिवस. जिंकलो असतो तर जन्मात पहिल्यांदा चषक. शेवटच्या डावात आपण एका धावेनं पुढे, आणि कुसानोच्या पायांमधून चेंडू गेला. त्यांच्या दोन धावा झाल्या. मी इथेच बसून शेंगा सोलत रेडिओ ऐकत होते.

तोकुझो : त्यानंतर आपला डाव आला.

फुसाए : हो. दोघं बाद, तिसरा गेला की सामना संपला, दोघं बेसवर, आणि नशीब बघा, बॅट घेऊन आला कोण, तर कुसानोच. एक चांगला फटका मारला असता तर सगळं धुऊन निघालं असतं. समालोचक म्हणाला, स्टँड एकाएकी गप्प झालाय, असं कधी ऐकलं नव्हतं. मी तुम्हाला विचारलं होतं घरी आल्यावर. तुम्ही म्हणालात, लोकांचं अवसानच गेलं.

तोकुझो : लोकांचं अवसान नव्हतं गेलं.

फुसाए : म्हणजे?

तोकुझो : प्रत्येक खेळाडूचं आपलं गाणं असतं. तो बॅट घेऊन आला की मी ढोलावर पहिले तीन ठोके द्यायचे, मग कर्णे, मग सगळा स्टँड. माझ्या तीन ठोक्यांशिवाय कुणी तोंड उघडत नाही. त्या दिवशी कर्णेवाल्यांनी कर्णे ओठांना लावले होते. माझ्याकडे बघत होते. मी टिपऱ्या काखेत धरल्या आणि मान हलवली. नाही म्हणून.

फुसाए : तुम्ही?

तोकुझो : मी एकट्यानं. कुणी सांगितलं नव्हतं मला.

फुसाए : मला वाटायचं, तुमच्या ढोलपथकाच्या त्या प्रमुखानं थांबवलं असेल. तो होताच खडूस. मी गेली सत्तावीस वर्षं नववर्षाला त्याच्या बायकोशी धड बोलले नाही, त्या पोराचं वाईट वाटून.

तोकुझो : प्रमुख खाली पाणी आणायला गेला होता. परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. तीन चेंडू, तीन वेळा बॅट हवेत, आणि बाद. तो परत जाताना आमच्याकडे बघत गेला. रागानं नाही. आपण घर चुकलो की काय, असं बघतात ना, तसं. पुढच्या वर्षी त्याला दुय्यम संघात धाडलं, पानगळीत काढूनच टाकलं. सव्वीस वर्षांचा होता.

फुसाए : आणि तुम्ही ढोल वाजवत राहिलात.

तोकुझो : राहिलो. खांदा निकामी होईपर्यंत.

फुसाए : एवढंच ना? अजून काही नाही ना?

तोकुझो : एवढंच.

फुसाए : भात निवतोय.

तोकुझो : होन्जोला दुसरी ड्रायव्हिंग स्कूल आहे. सकाळी तिकडे फोन करतो. पाऊण तास लागेल जायला, लागू दे.

फुसाए : करा की. मी कशाला अडवू? फक्त एक करा. आपल्या संघाची पोरं पाचव्या नंबरावर घसरली की तुम्ही मला ऐकवता ना, आपण धीर सोडायचा नसतो, वाईट दिवसांतच सोबत राहायचं असतं, तेव्हाच खरा चाहता कळतो. ते यापुढे या घरात नको. पन्नास वर्षं ऐकलं मी. माझी सहलीची शिल्लक त्या स्टँडाच्या वर्षभराच्या तिकिटांत गेली, तेव्हासुद्धा हेच ऐकून गप्प बसले.

तोकुझो : सत्तावीस वर्षांनी त्याला काय सांगू मी?

फुसाए : जे झालं ते सांगा. त्यात भर घालू नका आणि काटछाटही करू नका.

तोकुझो : आणि त्यानं माफ नाही केलं तर?

फुसाए : तुम्ही सांगायला जाताय की मागायला? आधी ते ठरवा. आणि ते लोणचं इकडे सरकवा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात, शिकवणीच्या गाडीत. तोकुझोच्या शेजारी कुसानो.)

कुसानो : इवासादासान, आसन पुढे घ्या थोडं. हं. काल पोट दुखत होतं ना तुमचं? आज कसंय?

तोकुझो : पोट ठीक होतं कालही.

कुसानो : बरं. पट्टा लावलात? निघू या. कोपऱ्यावर पूर्ण थांबायचं, नुसतं हळू नाही करायचं. म्हातारी माणसं तिथेच चुकतात. माफ करा, तुम्हाला नाही म्हणत.

तोकुझो : कुसानोसान, मी ढोलवाला होतो.

कुसानो : काय?

तोकुझो : स्टँडात. निळा अंगरखा. त्या शेवटच्या सामन्यात तुम्ही बॅट घेऊन आलात तेव्हा ढोल वाजला नाही. तो मी थांबवला. दुसऱ्या कुणी नाही.

कुसानो : डावीकडे घ्या. आरसा बघून. ... असं होय. मला वाटायचं, सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल.

तोकुझो : नाही. माझ्या एकट्याचं काम. घरीसुद्धा मी कालपर्यंत सांगितलं नव्हतं. आज सांगायला म्हणून आलो. दाखला नाही मिळाला तरी चालेल.

कुसानो : दाखल्याचा याच्याशी काय संबंध? तुम्ही गाडी छान चालवताय. आणि ढोलाचं म्हणाल तर चेंडू माझ्या पायांमधून गेला, इवासादासान, तुमच्या नाही. त्यांचा गोलंदाजही फार भारी होता त्या दिवशी. ढोल वाजला असता तरी मी बाद झालो असतो बहुतेक. मला बरीच वर्षं लागली हे कळायला, पण कळलं. तुम्हीही ते ओझं आता खाली ठेवा.

तोकुझो : तुम्ही फार...

कुसानो : समोर बघा. आता तो अरुंद बोळ येतोय, सावकाश. तुम्हाला एक सांगू? पूर्ण शांतता नव्हती. तुम्हाला तिथून कदाचित ऐकू आलं नसेल. एक बाई गात होती. एकटीच. माझं गाणं.

तोकुझो : एकटीच?

कुसानो : बेसूर. पण शब्द सगळे बरोबर. ती माझी आई. बंदरावर मासे सुकवायच्या शेडमध्ये कामाला होती, कधी सुटी घेतली नाही तिनं. त्या दिवशी पहिल्यांदा आली, तीन बस बदलून. मी तिला आतलं महागाचं तिकीट दिलं होतं. ते तिनं शेजारणीला दिलं आणि आपण तुमच्या स्टँडात आली, कारण तिथे सगळे गातात. गाणं कागदावर लिहून पाठ केलं होतं. पहिले दोन चेंडू मी तिचा आवाज ऐकत उभा होतो. म्हटलं, आहे कोणीतरी. मग मधेच आवाज थांबला. तिसऱ्या चेंडूला माझं लक्षच नव्हतं, स्टँडाकडे बघतच बॅट फिरवली. घरी गेल्यावर विचारलं, तर म्हणाली, घसा सुकला रे. ... इथे थांबायचं होतं. पांढरी रेघ ओलांडलीत तुम्ही.

तोकुझो : घसा नव्हता सुकला.

कुसानो : काय म्हणालात?

तोकुझो : त्यांचा घसा सुकला नव्हता. माझ्या मागे तीन रांगा सोडून होत्या. डोक्याला रुमाल, करडा स्वेटर. त्या तुमच्या आई, हे मला आत्ता कळतंय. मी मागे वळलो होतो.

कुसानो : गाडी कडेला घ्या.

तोकुझो : घेतो.

कुसानो : हाताचा ब्रेक लावा. ... काय म्हणालात तुम्ही तिला?

तोकुझो : म्हणालो, बाई, गप्प बसा. हा आमच्या गाण्याच्या लायकीचा नाही.

कुसानो : आणि ती?

तोकुझो : उभ्या होत्या, त्या तशाच कमरेत वाकल्या माझ्यापुढे. माफ करा म्हणाल्या. चूक झाली म्हणाल्या. आणि बसल्या. हातातला कागद घडी करून पिशवीत ठेवला.

कुसानो : गाण्याचा कागद.

तोकुझो : हे मी काल बायकोलाही सांगितलं नाही. ढोलापर्यंत सांगून थांबलो. तुम्ही मघाशी ओझं खाली ठेवा म्हणालात ना, तेव्हा वाटलं, बरं झालं, इथेच सुटलो. क्षणभर वाटलं तसं. तेही सांगून टाकतो.

कुसानो : माफ करा, ती म्हणाली?

तोकुझो : हो. दोनदा.

कुसानो : सत्तावीस वर्षांत माझ्यापाशी एका शब्दानं नाही बोलली.

तोकुझो : त्या आहेत का? आई?

कुसानो : आहे. नव्वदीला आली. कान गेलेत जवळजवळ, पण संध्याकाळी टीव्हीपुढून हलत नाही. तुमच्याच संघाचे सामने बघते. मी त्या खोलीत जात नाही, बाहेरून जेवायला हाक मारतो. एकदा म्हटलं, आई, मला काढून टाकलं त्यांनी, तू अजून कशाला बघतेस? तर म्हणते, अरे, बिचारे जिंकले कुठे आहेत अजून.

तोकुझो : मी एकदा येऊन त्यांच्यापुढे...

कुसानो : नको.

तोकुझो : बरं.

कुसानो : तुम्ही आलात तर ती पुन्हा वाकेल. मला ते बघायचं नाही.

तोकुझो : बरोबर आहे तुमचं.

कुसानो : दोन वळणं राहिलीत. तेवढी झाली की दाखल्यावर शिक्का मारतो.

तोकुझो : पाय थरथरतोय माझा. क्लच सुटेल.

कुसानो : मग थांबा. पाय शांत होऊ द्या. मागे दुसरी गाडी नाही.