वेणू म्हणते, नाय दुखत

— नाही हो मावशी, भांडायला नाही आले मी, बसा तुम्ही — म्हणजे उठायचं तर आहेच तुम्हाला, पण आधी ऐकून घ्या. हे मनगट बघा माझं. दिसतंय? चार नखं, तुमच्या वेणूची. दर तीन मिनिटांनी रुततायत, आणि पोरीच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. सिस्टर येते, विचारते, काय गं, दुखतंय का — तर म्हणते, नाय दुखत. माझं मनगट सोलून काढलंय आणि वर नाय दुखत! सिस्टर माझ्याकडे बघून म्हणते, अंजनाबाई, पेशंटला घाई नाही, तुम्हाला कशाला एवढी? साडेबाराला तपासलंय, आता तीनला तपासेन, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. गेली बाजूच्या खोलीत सलाइन लावायला. डॉक्टर अंबरनाथला ऑपरेशनला गेलेत, आत्ता फोन केला तर स्कूटरवर यायला अर्धा तास, फाटक लागलं तर पाऊण. आणि फोन सिस्टरनंच करायचा, खालच्या मेडिकलमधून, माझ्या शब्दाला कोण विचारतंय इथे? गेल्या दिवाळीत एकदा मी असंच डॉक्टरांना अर्ध्या ताटावरून उठवून आणलं आणि त्या बाईच्या पोटात निघाला गॅस, तेव्हापासून माझं नाव बद्दू झालंय.

मग मी वेणूच्या कानाशी लागले. म्हटलं, बाय माझी, असं का करतेस, मला तर सांग. तर दात आवळूनच म्हणाली, आयनं सांगलंय, तोंड नाय उघडाचा.

तुम्हीच सांगितलंत ना? आता तिकडे खिडकीत काय बघताय? मला पाठ आहे काय सांगितलंत ते — की कळा सुरू झाल्या की कुणाला म्हणून बोलायचं नाही, जितक्या कानांवर जातं तितकं बाळंतपण लांबतं, दृष्ट लागते, आणि बाहेर सासरची माणसं बसलेली असतात, चार लोकांत शोभा होते. मला कसं ठाऊक? अहो, माझ्या आईनं हेच सांगितलं होतं मला, शब्द न् शब्द. तुम्ही आगरी, आम्ही बौद्ध, तुम्ही बेलवलीच्या, माझी आई नगरकडची, पण पोरीचं तोंड बंद करायचं म्हटलं की सगळ्या आया एकाच शाळेतल्या.

मी कोण मोठी लागून गेले? बरोबर आहे, विचारा, सगळेच विचारतात. मी नर्स नाही, सुईण नाही, मला नाळ कापता येत नाही आणि मी कापणारही नाही. मी नुसती बसते. हात देते, कंबर चोळते, घोट घोट पाणी पाजते, सिस्टरला हाका मारते. हे काय काम झालं, असं माझा नवरासुद्धा म्हणतो. भीमराव त्याचं नाव, अंबरनाथला एमआयडीसीत आहे, केमिकलमध्ये — तो म्हणतो, तू जाऊन नुसती बसतेस आणि घरी आलीस की दोन दिवस जेवत नाहीस, कशाला जातेस? त्याला माहीत आहे कशाला जाते ते. तरी विचारतो.

सत्त्याहत्तर साल होतं. आम्ही उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात सिंध्याच्या खोलीत भाड्यानं. पहिलं बाळंतपण, माहेरी जायचं, पण प्रवास झेपणार नाही म्हणून आईच इकडे आली — गयाबाई म्हणायचे तिला. दवाखाना कुठला ते सोडा, आता तो नाहीसुद्धा. मला खाटेवर घातलं आणि आई बाहेर बाकड्यावर बसली, आत्ता तुम्ही बसलाय ना, तश्शी. नर्स आली, दुखतंय का? मी म्हटलं नाही. परत आली, मी म्हटलं नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पदराचा बोळा कोंबलेला तोंडात, तरी मी मान हलवली — नाही. ती गेली. तिला दुसऱ्या दोन बाया होत्या, दोघी बोंबलत होत्या, ती त्यांच्याकडे गेली. जाणारच ना? जी रडते तिच्याकडे जातात. मी इतकी वर्षं सगळ्यांना काय सांगते माहितीये — नर्सनं लक्ष दिलं नाही. तुमच्या वेणूलाही मी तेच सांगितलं परवा. खोटं आहे ते. तीनदा आली होती ती बाई, तीनदा विचारलं तिनं, आणि तीनदा मी नाही म्हटलं.

मुलगी होती. नाळ गळ्याभोवती, दोन वेढे. आता इतकी बाळंतपणं बघितली मी, कितींदा बघितलं, सिस्टर बोटानं काढते हो, पोराच्या गळ्यातला मफलर काढावा तशी, हां हां म्हणता सुटते. समोर माणूस पाहिजे फक्त. माझ्यासमोर कुणी नव्हतं. ती पायांत पडून राहिली आणि मी दात आवळून, आवाज होऊ नये म्हणून. मग आई आत आली. तिनं बघितलं, आधी माझ्या तोंडातला बोळा काढला आणि काय म्हणाली सांगू? म्हणाली, "पोरी, नाव राखलंस. एक हुंकार दिला नाहीस."

नको, पाणी नको मला. ऐका. दोन वर्षांनी शंकरच्या वेळी परत तेच, मी तोंडात पदर घेतला. शेजारच्या खाटेवर एक सिंधी बाई तिच्या भाचीबरोबर आली होती, पापडवाली, हातांना हिंगाचा वास. ओळख ना पाळख, उठली, माझ्या तोंडातला पदर ओढून काढला आणि म्हणाली, "चिल्ला ना, आवाज पे टॅक्स लगता है क्या?" आणि बसली माझा हात धरून चार तास, भाचीला सोडून! मी अशी ओरडले की म्हणे खालचा रिक्षावाला वर बघायला आला. पोरगा झाला, आता पाचवीत आहे, शिव्या शिकलाय. त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं. पुढच्याच महिन्यात शेजारणीला कळा लागल्या, तर मी चपला घालून तिच्या मागे निघाले, कुणी बोलावलंही नव्हतं. तेव्हापासून हे चालू आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही सात काढली, कधी आवाज केला नाही. ऐकलंय मी, सकाळी सिस्टरला सांगत होतात, छाती पुढे काढून. सातांतली जगली किती? — बरं, नाही विचारत. नाही विचारत, मावशी. पदर घ्या डोळ्यांना, मी बघत नाही.

राग येतोय ना माझा? येऊ दे. पण वेणूचा राग तुमच्यावर येईल तो कसा असतो ते मला ठाऊक आहे. मी आईशी बोलायची बंद झाले. भांडण नाही, काही नाही. मी लुगडं पाठवायचे, पण तिच्या पत्राला उत्तर नाही. गेल्या साली भाऊ धोंडिबा स्वतः आला घरी, म्हणाला आई जायला टेकलीय, अंजनाला बोलवा म्हणते. मी तेव्हा इथेच होते, एका पोरीजवळ, घरून सांगावा आला. त्याला निरोप पाठवला, बाई अडलीय, सुटली की निघते. सगळे म्हणाले, बघा, अंजनाबाई किती करते लोकांसाठी. अहो, ती पोरगी सकाळीच मोकळी झाली होती. तिचं बाळ पीत होतं आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले, संध्याकाळची एस.टी. निघून जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तार आली. हे भीमरावलासुद्धा माहीत नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. आईला काय सांगायचं होतं मला, ते मला आता कधीच कळणार नाही. माफ कर म्हणणार होती, की परत नाव राखलंस म्हणणार होती?

तुमच्या हातात आहे ना अजून. मी शंभर वेळा सांगितलं तिला, ओरड गं, ओरड. तिला माझ्या तोंडून नकोय ते. तुमच्या तोंडून पाहिजे. आत्ता, तीनला नाही, आत्ता, मी बाहेर आले तेव्हा ती मघासारखी हात दाबत पण नव्हती, नुसती थरथरत होती. उठा. माझा खांदा धरा, चालेल ना माझा? — धरा मग. आत एकीलाच सोडतात, म्हणून मी बाहेर थांबते, आज तुम्ही बसा तिच्याजवळ. काही येत नाही म्हणून घाबरू नका, काही यावं लागत नाही. हात द्या आणि सांगा. चपला राहू द्या, जा.

दार नीट लावून घ्या.

...

बोलल्या का काही? मावशी? ऐकू येत नाहीये मला.

...

हां. ही वेणू. सिस्टर! ओ सिस्टर, सलाइन सोडा, इकडे या, डोकं दिसत असेल! पळा आधी, फोनचं मीच सांगते मेडिकलवाल्याला — आणि ही दुसरी कोण ओरडतेय? आत तर एकच पेशंट...

मावशी?

ओरडा, मावशी. ओरडा. सातही जणांचं ओरडून घ्या.