डाव्या बाजूची टिक

साधना : पडद्यावर ती तळहाताएवढी दिसते आहे. संगणकावर जेमतेम तीन मिलिमीटरची असते. निळा चौकोन, आत पांढरी टिक. डाव्या बाजूला, अगदी खाली. माणूस शोधाचे शब्द वर लिहितो, निकाल मधे वाचतो. डावीकडे खाली बघायचं कारणच पडत नाही.

धर्मपाल : मागच्या खुर्चीवरून दिसून राह्यली मॅडम. प्रोजेक्टर अजून वर घेऊ काय?

साधना : नको, राहू द्या. उद्याच्या कार्यशाळेसाठी पिशव्या किती भरल्या, धर्मपालभाऊ?

धर्मपाल : बेचाळीस. पेन, पॅड, सर्टिफिकिट. लायब्रेरियन येतीन चाळीस अन् जेवाले येतीन साठ, हे आत्ताच सांगून ठेवतो. मागच्या वर्कशॉपले शवविच्छेदनवाले बी श्रीखंड खाऊन गेले.

साधना : येऊ द्या त्यांना.

धर्मपाल : पन मॅडम, ही टिक म्हंजे काय भानगड हाय? तीस वर्षं झाली या लायब्रीत, पन मी धूळ झाडनारा मानूस.

साधना : समजा मी तुम्हाला म्हटलं, मधुमेहावरचे सगळे लेख काढा. आणि गेल्या पाच वर्षांचं एकच कपाट उघडं आहे, बाकीच्यांना कुलूप. तुम्ही उघड्या कपाटातले लेख आणलेत आणि म्हणालात, हे घ्या सगळे. ही टिक म्हणजे ते कुलूप. एका शोधासाठी लावली की पुढच्या शोधालाही तशीच राहते. आपण काढावी लागते.

धर्मपाल : अन् नाही काढली तं?

साधना : तर कळत नाही. निकाल येतो. अगदी नीटनेटका येतो.

धर्मपाल : बाप्पा! पन हे मधुमेहाचं कायले घेतलं? तुमचा तो सिकलसेलवाला शोध दाखवा ना. त्याच्यानंच तं तुमाले वर्कशॉप घेयाले लावलं.

साधना : मधुमेह सोपा आहे. सगळ्यांना कळतो.

धर्मपाल : थांबा, मी एक चीज आनली तुमच्यासाठी. रविवारी मारेगावाकडं गेलतो, तिकडल्या एका दवाखान्यात फोटो काढला. हे पाहा. तुमचा कागद. ‘सिकलसेलच्या दुखण्यात काय द्यावे.’ अन् खाली बारीक अक्षरात, मोठं करून पाहा... ‘संदर्भशोध : साधना मुनेश्वर, ग्रंथपाल.’ कोन्या लायब्रेरियनचं नाव भिंतीवर लागते जी? पैल्या पानावर टाका उद्या.

साधना : तुम्ही दवाखान्यात कशाला गेला होता?

धर्मपाल : भाची भरती होती. उर्वशी, बहिनीची पोट्टी. सिकलसेल हाय ना तिले, जन्मापासून. थंडी पडली का हाडं धरतेत तिचे.

साधना : आता कशी आहे?

धर्मपाल : आता चांगली हाय, घरी आनली. दोन दिवस ते कागदावरलं औषध देल्लं, दुखनं थांबलं. पन मंग लघवीच कमी झाली. आंगावर सूज. तिथं एक जुन्या सिस्टर हायत, विमलताई. त्या डॉक्टरले म्हने, मले हे बरं दिसून नाही राह्यलं, बंद करा. तो डॉक्टर नवीन पोरगा. तो म्हने, कागदात तं असं काहीच लिवलं नाही. विमलताई म्हने, कागद राहू दे बाबू, पोट्टी पाह्य. मंग बंद केलं. दोन-तीन दिवसात उतरली सूज. ...मॅडम? पानी आनू काय?

साधना : तो प्रोजेक्टर बंद करा.

धर्मपाल : काहून? काय झालं?

साधना : नऊ नंबरच्या कपाटात, तिसऱ्या खणात, जुन्या वैद्यकीय मासिकांचा एक खंड कमी आहे.

धर्मपाल : मले ठाऊक हाय. दर महिन्याले झाडतो मी ते. दात पडल्यावानी फट हाय तिथं. तुमी रजिस्टरात ‘बाइंडिंगला’ लिवलं. बांधलेल्याले अजून कायचं बाइंडिंग, म्हटलं. पन इचारलं नाही.

साधना : माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. चौदा महिने झाले.

धर्मपाल : असं काय हाय त्याच्यात?

साधना : एक लेख. चार पानांचा. सव्वीस वर्षांपूर्वीचा. आपल्याच भागातल्या डॉक्टरांनी, आपल्याच भागातल्या एकतीस रुग्णांवर लिहिलेला. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं आधीच दुबळी असतात. हे औषध देताना रोज लघवी मोजा, कमी झाली की लगेच थांबवा. विमलताईंनी जे केलं, नेमकं तेच लिहिलेलं आहे.

धर्मपाल : मंग कागदावर काहून नाही?

साधना : कारण कागद समितीसाठी डॉ. देवतळे सरांनी माझ्या यादीवरून लिहिला. आणि यादीत हा लेख नव्हता. आदल्या दिवशी एका विद्यार्थ्याला मी फक्त गेल्या पाच वर्षांतले लेख काढून दिले होते. टिक तशीच राहिली.

धर्मपाल : ही टिक?

साधना : हीच.

धर्मपाल : तुमाले कवा समजलं?

साधना : नागपूरच्या कार्यशाळेत. आम्हा वैद्यकीय ग्रंथपालांसाठीच होती. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, काही जण जुनी टिक न काढताच शोध घेतात आणि खाली सही करून देतात. सगळे हसले. मीही हसले, भाऊ. इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच. परत आले, खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही, पुन्हा शोध घेतला. आधी अकरा लेख होते. टिक काढल्यावर एकोणीस आले. त्यातला हा एक आपल्याच कपाटात निघाला.

धर्मपाल : अन् सांगतलं नाही.

साधना : दुसऱ्या दिवशी सांगणार होते. दुसऱ्या दिवशी त्याच कागदासाठी माझा सत्कार होता.

धर्मपाल : हो. शाल मीच आनली होती.

साधना : म्हटलं, सत्कार होऊन जाऊ दे. मग म्हटलं, परीक्षा होऊन जाऊ देत. मग म्हटलं, कॉलेजची तपासणी होऊन जाऊ दे.

धर्मपाल : ते तं दरसाल येते.

साधना : हो.

धर्मपाल : पन मॅडम, एवढे शिकलेले डॉक्टर लोकं, त्यायनं काहून नाही पाह्यलं?

साधना : सरांनी विचारलं होतं. ‘मॅडम, सगळं बघितलंत ना?’ मी म्हटलं, हो सर, सगळं.

धर्मपाल : अन् त्यायनं तुमच्यावर इश्वास ठेवला.

साधना : त्याआधी मला कधी कोणत्या बैठकीला बोलावलेलं आठवतं तुम्हाला? वीस वर्षं डॉक्टर दारातूनच विचारायचे, बाई, आजचा पेपर कुठाय? पहिल्यांदा समितीत खुर्ची दिली. तिथं जाऊन काय सांगू, की या खुर्चीतल्या बाईनं डावीकडे खाली पाहिलंच नाही? मले लाज वाटली, भाऊ. दुसरं कारण शोधून पाहिलं. नाही सापडलं. नुसती लाज.

धर्मपाल : लाज वाटाचीच गोष्ट हाय. मी खोटं नाही बोलनार. आमची पोट्टी होती त्या खाटीवर.

साधना : हो.

धर्मपाल : किती ठिकानी लागला हाय तो कागद?

साधना : अठ्ठावीस. यादी मला पाठ आहे.

धर्मपाल : अन् विमलताई किती ठिकानी हायत?

साधना : ...मला माहीत नाही.

धर्मपाल : एसटीत दोघा जनाले दाखवला मी हा फोटो. म्हटलं, आमच्या मॅडम हायत ह्या.

साधना : काढून टाका तो.

धर्मपाल : फोटो काढून काय होते? भिंतीवर तं हायच.

साधना : उद्या चाळीस जणांपुढे उभी राहून मी सांगणार होते, शोधाआधी टिक काढा. मधुमेहाचं उदाहरण देऊन. आणि ते हसले असते.

धर्मपाल : ड्रॉवरची चाबी द्या.

साधना : कशाला?

धर्मपाल : खंड काहाडतो. कपाटात नाही ठेवत, तुमच्या समोर टेबलावर ठेवतो. धूळ मी झाडतो. बाकीचं तुमचं.

साधना : देते. उद्याचं एकदा आटोपलं की मी स्वतः सरांकडे...

धर्मपाल : आता वर्कशॉप होऊन जाऊ दे म्हन्ता?

साधना : ...ही घ्या चावी. आणि माझा फोन द्या तिकडचा.

(फोनची घंटा बराच वेळ वाजत राहते.)

डॉ. देवतळे : बोला मॅडम, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला! उद्याच्या उद्घाटनाचं भाषण लिहितोय, आत्ता तुमच्यावरच आलोय. तो सिकलसेलचा सर्च किती दिवसांत केला होता हो तुम्ही?

साधना : एका दुपारीत, सर.

डॉ. देवतळे : एका दुपारीत! वा. लिहून घेतो.

साधना : नका लिहू.

डॉ. देवतळे : अहो, विनयालाही काही लिमिट असते मॅडम.

साधना : सर, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, सगळं बघितलं ना. मी हो म्हणाले. सगळं बघितलं नव्हतं. मूत्रपिंडाबद्दलचा एक महत्त्वाचा लेख राहून गेला. त्या औषधाबद्दलची सूचना आपल्या कागदात नाही, ती त्या लेखात आहे. खंड माझ्यासमोर टेबलावर आहे.

डॉ. देवतळे : एक मिनिट, एक मिनिट. कधी लक्षात आलं हे?

साधना : चौदा महिन्यांपूर्वी.

डॉ. देवतळे : चौदा... मॅडम, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?

साधना : कळतंय. मी खंड घेऊन वर येते आहे, तुम्हाला जे बोलायचं ते समोर बोला. उद्या कार्यशाळा कोणी घ्यायची ते तुम्ही ठरवा. मला घेऊ दिलीत तर मी माझाच शोध दाखवीन, तसाच, टिक न काढलेला. पण ते उद्या. तो कागद आजच उतरवायचा आहे, सर. अठ्ठावीसही भिंतींवरून.