कोंडाबाईचा श्वास आणि ऐंशी हजारांची बॅटरी

मंडळी, ऐका. टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा — वस्तू महाग की स्वस्त, हे कुणी ठरवायचं? दुकानदारानं? खिशानं? का वेळेनं? लगेच मान डोलवू नका. मान डोलवायला पैसे पडत नाहीत, म्हणून तर आपण इतकी डोलवतो!

कऱ्हाडला हंबीरराव जगदाळे म्हणून गृहस्थ होते. फरश्या, नळ, संडासाची भांडी यांचं मोठं दुकान. माणूस वाईट नव्हे हो — आईचे पाय रोज दाबणारा. पण पैसा आला, आणि पैशाला मिरवायची हौस असते. पुण्याहून त्यांनी एक परदेशी गाडी आणली. वापरलेली, पण काळीभोर, गजराजासारखी! मागच्या बाजूला खाली पाय हलवला की डिकी आपोआप उघडायची. बघा — देवळाचं दार हातानं उघडतो आपण, आणि हिची डिकी पायानं!

भाद्रपदात गाडी सुरू होताना कुरकुरायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, "शेठ, बॅटरी संपत आलीय. नवी ऐंशी हजाराला. आणि बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं, त्याचे वेगळे."

"कळवायचे पैसे? एवढ्या पैशात आमच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या."

"मोठ्या घरची आहे शेठ ती. मान द्यावाच लागतो."

बायको मंदाकिनी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "घालून टाका हो. आईंना घेऊन हिंडतो आपण."

"पितृपंधरवडा चालू आहे. नवी वस्तू घेत नाहीत. घटस्थापनेला बसवू."

पटलं ना? शास्त्र आहे! पण याच पंधरवड्यात हंबीररावांनी नवा मोबाइल घेतला होता, मंडळी. तो पितरांना दिसला नसावा.

वडिलांची तिथी आली. श्राद्ध दरवर्षी मूळ वाडीत व्हायचं, पाटणच्या वर डोंगरात, उंबरदांडला. आई कोंडाबाई बरोबर होत्या. उभा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, छाती पोकळ झालेली. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर कायम सोबत. मग तो त्यांच्या पायाशी असायला नको? पण सिलिंडर घासून सीटच्या चामड्यावर ओरखडा उठतो! म्हणून तो डिकीत.

पिंडदान झालं. पानं वाढेपर्यंत वाडी गाडीभोवती गोळा. हंबीररावांना काय उमाळा आला! छत उघडून दाखवलं, पाठ चेपणारी सीट दाखवली, दिवे दाखवले. डिकी तर प्रत्येकाला पाय हलवून उघडू दिली. वाडीतले विठूआण्णा म्हणाले, "हंबीर, आमची म्हस पाय हलवती तवा धार बंद होती बघ."

सगळे हसले. इंजिन बंद होतं. हा सगळा खेळ त्या मरतुकड्या बॅटरीच्या जिवावर चालला होता. मग हंबीररावांनी डिकी मिटली, दारं लावली आणि ते पंगतीला बसले.

जेवणं उरकली. कोंडाबाई ओसरीवर भिंतीला टेकल्या होत्या. "हंबीर, दम लागतोय रं," म्हणाल्या. हंबीरराव रिमोट दाबत निघाले. गाडी गप्प. पाय हलवला. गप्प. चारी दारं बंद! सिलिंडर काचेतून दिसतोय, आणि ओसरीवर आईचे ओठ निळे पडतायत.

मंदाकिनी वरवंटा घेऊनच आली. "काच फोडते. बाजूला व्हा."

"थांब. त्या काचेत धुकं घालवायच्या तारा आहेत, केवढ्याला पडेल ठाऊक आहे? कंपनीला विचारतो, काहीतरी युक्ती असेल."

रेंज मिळायची ती वरच्या बांधावर. हंबीरराव बांधावर चढले. फोन लागला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' आणि मग बासरी! वर लेक बासरी ऐकतोय, खाली आई श्वास शोधतेय.

मंदाकिनीनं पुन्हा विचारलं नाही.

काच फुटल्याचा आवाज बांधापर्यंत आला, आणि त्याच क्षणी फोनवर एक गोड मुलगी म्हणाली, "सर, रिमोटच्या आतच दाराची एक छोटी किल्ली असते."

हंबीरराव धावत उतरले. मंदाकिनीचे हात कोपरापर्यंत रक्तानं भरले होते. नळी आईंच्या नाकाला लावलेली होती. सिलिंडर चालू होता, आई नव्हती.

लोक काय म्हणाले सांगू? "भाग्याची हो! नवऱ्याच्या तिथीला गेली." हंबीररावांनी हे वाक्य धरून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगायचे.

दहाव्याला कृष्णा-कोयनेच्या संगमावर पिंड मांडला. झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. हंबीररावांची बहीण पुढं झाली, "आई, तुझी बोरमाळ नातीलाच घालीन." कावळा हलेना. हंबीररावांनी हात जोडले, "आई, नवी बॅटरी बसवतो." मागं कुणीतरी हसू लपवायला खोकलं.

मंदाकिनी हळूच म्हणाली, "बॅटरी त्यांना कशाला हवी आता? काच फुटली तेव्हा तुमच्या मनात काय आलं, ते सांगा."

तिला कसं कळलं? अहो, संसार केला होता तिनं!

हंबीरराव ओल्या वाळूत बसले. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आई, आवाज आला तेव्हा मला वाटलं — गेले पैसे. तू आठवलीस ती नंतर."

आता तुमच्या डोळ्यांत एकच प्रश्न आहे — कावळा शिवला का? नाही सांगत. शिवला म्हटलं तर म्हणाल, सुटला बिचारा. नाही म्हटलं तर म्हणाल, तसाच होता मेला. दोन्हीकडून तुम्ही मोकळे! तुम्हाला मोकळं करायला नाही उभी राहिले मी.

घरी जा. तुमच्या घरात कुणीतरी टेकून बसलंय, दम लागलाय, आणि हाक मारून ते दमलंय. तुम्ही कुठली काच जपताय, कुठल्या मुहूर्ताची वाट बघताय, ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवा.

आता नाम घ्या. घ्या ना... का थांबलात? श्वास आहे तोवरच घेता येतं ते.