रस्त्यात विचारायचं नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर पंख्यापासून लांब बसवलेले मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि ज्यांना हा हारतुऱ्यांचा प्रकार मुळीच आवडलेला नाही, त्या आपल्या समुपदेशक बाई, आणि समोर बसलेल्या पालकांनो! एकमेकांना ओळखत नसल्याचं तुम्ही झकास दाखवताय. चालू द्या. बाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर ही कला आपण सगळेच शिकलो.

मला पाच मिनिटं दिली आहेत. दर आठवड्याला वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या घरांची उणीदुणी काढणाऱ्याला एवढ्यात काय होतंय? पण आज विषय स्वतःच्या घराचा आहे, तेव्हा पुरतील. आणि हो, काल रात्रीपर्यंत लिहिलेलं सगळं मुलीला फोनवर वाचून दाखवलंय. तिने दोन परिच्छेद कापले. माझ्या संपादकाची कधी हिंमत झाली नव्हती.

या मुलीला घरात आम्ही रेडिओ म्हणायचो. तोंडात ब्रश असतानाही प्रसारण चालू. चौदाव्या वर्षी तो रेडिओ बंद पडला. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं "हो", "नाही", "जेवलेय". डबा मात्र भरलेला परत यायचा. आता सांगा, शहाणा बाप अशा वेळी काय करतो? मी तिचे डोळे तपासून आणले. हसू नका, समोर टॉनिक पाजणारेही बसलेत. माझी बहीण म्हणाली, "अरे, वय असतं ते. आपण लहानपणी कुठे गेलो होतो कुणाकडे?" खरंय, ती कुठेच गेली नव्हती. आमच्या आईशी ती अजूनही बोलत नाही.

शेवटी मुलीच्या आईने शाळेच्या सूचनाफलकाच्या कोपऱ्यातून बाईंचा नंबर टिपून आणला. यादीत सदतीस मुलं पुढे होती. ताप आला तर डॉक्टर त्याच दिवशी भेटतो. लेक गप्प झाली तर चार महिने थांबायचं.

आपल्या संस्थेच्या इमारतीत बाईंची खोली दंतवैद्याच्या शेजारी. जिन्यात कुणी भेटलं की आम्ही सगळे गालाला हात लावायचो. एवढ्या दाढा आपल्या भागात कधीच दुखल्या नसतील.

पहिल्या भेटीआधी बाईंनी मुलीसाठी एक प्रश्नावली दिली होती. झोप कशी लागते, कशाची भीती वाटते, असले प्रश्न. मुलीने ती कोरीच ठेवली. मग मीच बसलो आणि तिच्या वतीने भरली. तीन पानं! पहिल्या भेटीत बाईंनी ती वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "लिहिलंय छान. पण हे सगळं तुमचं दिसतंय. तुम्ही बाहेर बसा, तुमचं नंतर बघू. आधी तिला आत येऊ दे." आणि एक नियम सांगितला. परत जाताना रस्त्यात तिला काही विचारायचं नाही. काय बोललीस, बाई काय म्हणाल्या, बरं वाटलं का, काहीही नाही.

मी बाकावर बसलो. पाच भेटींत आतून चकार शब्द आला नाही. सहाव्या वेळी आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण तो चढ, तो उतार, मध्येच श्वास घ्यायला विसरणं... दीड वर्ष ऐकलं नव्हतं मी ते. हातातलं मासिक मी उलटं धरलं होतं, असं शेजारी बसलेल्या एका आजींनी नंतर सांगितलं. आमचा रेडिओ सुरू झाला होता. फक्त दुसऱ्याच्या घरात.

परतीच्या वाटेवर मी नियम पाळला. दुकानांच्या पाट्या वाचल्या, रिक्षावाल्यांवर टीका केली. ती "हं" म्हणायची. मुलगी सावरली, शिकली, नोकरीला दुसऱ्या गावी गेली. त्या भेटींना आता दहा वर्षं झाली. फोनवर नीट बोलते, हसते. पण त्या दारामागे ती काय बोलली, हे मला आजही माहीत नाही. कित्येकदा फोन ठेवल्यावर वाटतं, त्या बाकावर पुन्हा जाऊन बसावं. निदान तो रेडिओ तरी ऐकू येईल.

म्हणून आज सकाळी, बाईंची पुस्तकं खोक्यात भरायच्या निमित्ताने, मी त्यांना गाठलं. म्हटलं, "आता तुम्ही निघालात. एवढं तरी सांगा, काय म्हणायची ती?"

"ते तिचं आहे. मी कशी देणार?" बाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत, "तिला कधी विचारलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, विचारायचं नाही!"

"अहो, रस्त्यात! रस्त्यात विचारू नका म्हटलं होतं मी. घर आल्यावर काय झालं होतं?"

अध्यक्ष महोदय, लोकांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं. ही एवढी मोठी चूक माझ्याच घरात दहा वर्षं पडून होती.

जाता जाता एक चौकशी. बाईंच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही आणि खोलीत झेरॉक्स मशीन येणार आहे, असं कानावर आलंय. यादीत आज बावन्न मुलं आहेत. मशीनचं उद्घाटन करण्यापूर्वी, अध्यक्ष महोदय, आपण त्या बाकावर अर्धा तास बसून पाहावं, एवढी नम्र विनंती.

बाई, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत. सापडले असते तरी तुम्ही घडी घालून परत दिले असते.

चहाला मी थांबू शकणार नाही, याबद्दल क्षमा असावी. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर तेही पोटात घ्यावं. साडेपाचच्या गाडीने मुलगी येतेय. स्टेशनपासून घर वीस मिनिटांवर आहे. वाटेत मी दुकानांच्या पाट्या वाचणार आहे.

घर आल्यावर विचारीन.